न्हाणीमागची सळई

१५ डिसेंबर, रविवार

आज सेर्वा मावशींना फ्रीझर चावला. हा शब्द त्यांचा. चर्चमधून आल्या, चपला दाराशी काढल्या, विकायच्या बर्फाच्या पिशव्या काढायला झाकणाला हात लावला आणि हात झटकून मागे सरल्या. मग स्वतःच हसून म्हणाल्या, वय झालं, हाताला मुंग्या येतात. मी अंगणाच्या दुसऱ्या कडेला शर्ट धूत होतो. धूतच राहिलो.

त्या फ्रीझरची वायर मी ओढली आहे. गेल्या मे महिन्यात. एका अंगणाभोवती आम्ही नऊ बिऱ्हाडं राहतो, मेन बोर्ड पुढच्या ओसरीत आणि मावशींची खोली अगदी मागे. वायर अर्धीच पुरली. म्हणून गॅरेजात गाडीला करतो तसं केलं. गाडीत करंट जाताना वायरने जातो आणि परत येताना बॉडीतून येतो. घराला बॉडी नसते, जमीन असते. मी न्हाणीच्या मागे चार फुटी लोखंडी सळई ठोकली आणि फ्रीझरचं परतीचं टोक आणि त्याचं पत्र्याचं अंग, दोन्ही तिला बांधलं. फ्रीझर पहिल्या झटक्यात सुरू झाला. मावशींनी त्या दिवशी मला मक्याच्या केंकेबरोबर दोन मासे वाढले आणि सगळ्या घराला सांगितलं, की आपला ओबेंग शागिर्द नाही, इंजिनियर आहे.

सात महिने तो फ्रीझर कुणाला चावला नाही. मग आताच का?

१८ डिसेंबर, बुधवार

गॅरेजात एक टॅक्सी आली. ब्रेक दाबला की मागचे सगळे दिवे एकदम मिचमिचत. ड्रायव्हर म्हणत होता, गाडीला कुणाची तरी नजर लागली. उस्ताद न्सिआ यांनी बॉनेटही उघडलं नाही. डिकीतला एक बोल्ट काढला, त्याखालचा गंज कानशीने खरवडला, बोल्ट आवळला. दिवे शहाण्यासारखे लागले.

"नजर लागत नाही, गंज लागतो," उस्ताद त्याला म्हणाले. "करंटला परत यायला रस्ता दिला नाहीस, तर तो दुसऱ्याच्या घरात शिरणारच."

मी ते वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. उस्तादांनी मला आंधळा म्हटलं.

संध्याकाळी घरी येऊन सळईजवळची माती उकरली. मैद्यासारखी कोरडी. आता कळलं. मे महिन्यात तिथे न्हाणीचं सांडपाणी वाहायचं, नऊ बिऱ्हाडांचं. नोव्हेंबरमध्ये घरमालकांनी ती न्हाणी पाडली आणि नवी पलीकडच्या टोकाला बांधली, सिमेंटच्या गटारासकट. वर हरमतानचा कोरडा, धुळीचा वारा. ओठ फुटतात तिथे मातीचं काय होणार.

म्हणजे रस्ता वाळला आहे. रस्ता ओला केला पाहिजे.

२३ डिसेंबर, सोमवार

पाच दिवस पहाटे दोन बादल्या ओततो आहे. एक साधी, एक मिठाची. फरक पडला. फ्रीझर आता गुरगुरून थांबत नाही, एकदम सुरू होतो, बर्फही धरतो. मी उलट्या हाताने, नखाच्या पाठीने झाकण चाचपून पाहिलं. नुसती गुदगुली.

आजपासून छत्तीस दिवस... नाही, पुन्हा मोजलं. चौतीस. २६ जानेवारीच्या रविवारी माझी शागिर्दी सुटणार. पाच वर्षं झाली. उस्ताद सगळ्या गॅरेजवाल्यांसमोर डोक्यावर हात ठेवतील, पावडर उधळतील, आणि त्या दिवसापासून मी माझ्या हाताचा मालक. आईने गावी टेचिमानला नवं कापड शिवायला टाकलं आहे. माझी वायर चावते हे उस्तादांच्या कानावर गेलं, तर ते मला सोडतील का? दोन वर्षांपूर्वी एकाने बसचं वायरिंग जाळलं होतं. त्याला त्यांनी दीड वर्ष जास्त राबवलं.

२ जानेवारी, गुरुवार

नळाला पाणी नाही. आठवड्यातून दोनदा येतं, तेही पिवळं. मी आंघोळ सोडली. माझ्या वाटणीची बादली सळईला घालतो. भांडी धुतलेलं पाणीही साठवतो.

आज अफ्रियिएने पकडलं. ती मावशींची मुलगी, शिवणकाम शिकते, जीभ सुईसारखी. मी वाकून ओतत होतो आणि आकडे मोजत होतो, कारण पाणी हळू ओतावं लागतं, नाहीतर बाजूला वाहून जातं.

"कुणाच्या पितरांना पाजतोस रे रोज पहाटे?" तिने विचारलं. "लोक दारू ओततात. तू साबणाचं पाणी ओततोस. पितर आहेत का परीट?"

मी म्हणालो, लिंबाचं रोप लावलंय.

"कुठाय रोप?"

मी म्हणालो, अजून उगवलं नाही. ती गेली, पण दोनदा मागे वळून पाहत गेली. उद्यापासून तिच्या आधी उठलं पाहिजे.

६ जानेवारी, सोमवार

मावशी आज जोरात ओरडल्या. तळहात कोपरापर्यंत बधिर झाला. दुपारी औषधाच्या दुकानात गेल्या, तिथे वाताच्या गोळ्या दिल्या. मी सकाळी फक्त अर्धी बादली ओतली होती. तेवढीच होती.

संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ग्यासी काकांकडे गेलो. त्यांनी तरुणपणी तांत्रिक शाळेत दोन वर्षं काढली आहेत. मी एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितलं. सळईवर पाणी ओततो, हेही मित्राचंच म्हणून.

काकांनी चष्मा काढला. मला म्हणाले, गाडीत बारा व्होल्ट असतात, माणूस बॉडीला टेकून जेवतो. घरात दोनशे चाळीस. जमीन हा परतीचा रस्ता नाही. परतीची वेगळी वायर मेन बोर्डापर्यंत ओढायलाच हवी. जमिनीला जोडायचं ते अडचणीच्या वेळचं दार असतं, रोज ये-जा करायचं नाही. रोजचा करंट मातीत सोडला आणि माती वाळली, की तो पत्र्यावरच तुंबून बसतो आणि वाट बघतो.

"कशाची वाट?" मी विचारलं.

"ओल्या पायाच्या माणसाची."

मग म्हणाले, तुझ्या मित्राला सांग, आजच्या आज बंद कर. मी निघालो तेव्हा ते मागून म्हणाले, मित्राचे हात थरथरतायत, त्याला काहीतरी खायला सांग. त्यांना मित्र कसा माहीत, मला कळलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

रात्रभर विचार केला. परतीची वायर ओढायची तर अठरा यार्ड. नव्या सिमेंटखालून जाणार नाही, भिंतीवरून उघडी न्यावी लागेल, आठ दारांवरून. प्रत्येक दारातून विचारतील, ओबेंग हे काय, मे महिन्यात तर सगळं झालं होतं. शिवाय मेन बंद करायला घरमालकांची चावी.

रविवारी सगळे चर्चला जातात तेव्हा करता येईल. तोपर्यंत पाच दिवस. पाच दिवस मी काय करू?

प्लग उपटून ठेवला होता सकाळी. मावशींनी दहा मिनिटांत परत लावला. शाळेच्या मधल्या सुट्टीला त्यांचं लाल सोबोलो सरबत थंडगारच लागतं. नाहीतर मुलं कोपऱ्यावरच्या बाईकडे जातात.

८ जानेवारी, बुधवार

भंगारातल्या एका व्हॅनचा पायाखालचा रबर कापून आणला आणि फ्रीझरसमोर अंथरला. मावशींना सांगितलं, सिमेंट थंड असतं, वाताला वाईट. यावर उभं राहूनच झाकण उघडायचं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, पोटच्या पोरीला सुचलं नाही. मला बळंच फुफूचा गोळा खायला बसवलं. 

आज कुणाला चावलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

उद्या करायचं ठरवलं होतं. ते आता होत नाही. अफ्रियिएने आईला सांगितलं, की मी अंधारात सळईपाशी वाकून काहीतरी पुटपुटतो आणि ओततो. मावशींनी विश्वास ठेवला नाही, पण त्यांनी ते पास्टरांना विचारलं. आणि पास्टर आज घरी आले. जाड, गोड बोलणारा माणूस. अंगण फिरले, सळईपाशी थांबले. तिथे मिठाचा पांढरा थर चढला होता. बोटाने उचलून चाखला आणि डोळे मिटले.

त्यांनी सांगितलं, की फ्रीझरवर कुणीतरी काही बसवलं आहे. मावशींनी उद्यापासूनच उपास धरायचा, घर सोडून कुठे जायचं नाही, चर्चलाही नाही. शुक्रवारी दुपारी ते स्वतः येतील. मावशींनी अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर आणि फ्रीझरवर मंतरलेलं पाणी शिंपडायचं, दोन्ही तळहात झाकणावर दाबून धरायचे. चावलं तरी हात काढायचे नाहीत. जितकं जोरात चावेल तितकं ते बाहेर पडतंय असं समजायचं.

मी तिथेच उभा होतो. पास्टरांनी रबर पाहिला आणि विचारलं, हा कुणी टाकला. मावशींनी कौतुकाने माझं नाव घेतलं. त्यांनी रबराची गुंडाळी करून बाहेर फेकायला सांगितलं.

अनवाणी, ओली जमीन, उपाशी पोट, दोन्ही हात. माणूस मारायची युक्ती कुणी मला विचारली असती, तर मी हीच सांगितली असती.

१४ जानेवारी, मंगळवार

वीज नाही. काल संध्याकाळपासून दुमसोर, म्हणजे भारनियमन, चालू आहे, घरमालक सरकारला शिव्या देतायत, अफ्रियिएची इस्त्री अडली, मावशींचा बर्फ वितळून अंगणात ओहोळ आला. नऊ बिऱ्हाडांत मी एकटाच खूश. तीन दिवसांत आज झोपलो.

वर्तमानपत्रात वेळापत्रक छापलं आहे. शुक्रवारी आमच्या भागात दिवसभर वीज आहे.

मी गुडघे टेकून प्रार्थना केली, की शुक्रवारी वीज जाऊ दे. मग लक्षात आलं, की त्याच देवाला मावशी तीन दिवस उपाशी राहून उलट काहीतरी मागतायत. तो कुणाचं ऐकेल याबद्दल मला शंका नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आता घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. नळापाशी गेलो की बायका बादली उचलून बाजूला होतात. घरमालकांनी रिवाजाप्रमाणे उस्तादांना निरोप धाडला. शागिर्दावर बोट आलं की आईबापांना नाही, उस्तादाला बोलावतात. उद्या दुपारी तेही येणार.

म्हणजे उद्या मावशीही तिथे आणि उस्तादही तिथे. मावशींना वाचवलं की उस्ताद हातचे जातात. मी चार वेळा चिठ्ठी लिहिली आणि चारही फाडल्या. एकीत नुसतं 'हात लावू नका' लिहिलं होतं. कुणी लिहिली हे कळणारच होतं. या घरात एवढं नीट अक्षर कुणाचं नाही.

पळून जायचाही विचार आला. टेचिमानची गाडी सकाळी सहाला असते. मी गेलो, तर उद्या काय होईल ते मला दिसणार नाही, एवढंच होईल.

१७ जानेवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

दोन वाजता सगळे जमले. वीज होती. मावशी उपासाने पिवळ्या पडलेल्या, पांढरं कापड नेसलेल्या. उस्ताद तेलकट कपड्यांतच आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पास्टरांनी अर्धी बादली जमिनीवर ओतली. मावशींनी चपला काढल्या. पाण्यात उभ्या राहिल्या. हात उचलले.

मी मध्ये शिरलो. फ्रीझरला न लागता, त्यांच्या दोन्ही मनगटांना धरून मागे ओढलं. त्या पडल्या. अफ्रियिएने माझ्या पाठीत बुक्की घातली. मी म्हणालो, हे मी केलंय. फ्रीझर माझ्यामुळे चावतो. मी न्हाणीमागे ठोकलंय ते.

"ऐकलंत," पास्टर म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने बोलला."

घरमालकांनी माझी कॉलर धरली. मी वायर म्हणत होतो, सळई म्हणत होतो, माती वाळली म्हणत होतो, आणि त्यांना ते सगळं करणीचंच सामान वाटत होतं. मी जितकं खरं सांगत होतो तितका आणखी फसत होतो. कुणीतरी म्हणालं, मीठ पण घालायचा. मी म्हणालो, हो, मीठ पण.

उस्तादांनी हात वर केला. "ओबेंग. पहिल्यापासून. हळू."

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग खिशातून गाडीचा टेस्टिंगचा दिवा काढला, चिमटा फ्रीझरच्या पत्र्याला लावला आणि टोक नळाच्या लोखंडी पाइपाला टेकवलं. दिवा निळसर पेटला आणि फटकन फुटला. पास्टर दोन पावलं मागे गेले. 

उस्ताद घरमालकांना म्हणाले, मेन बंद करा. मग मला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. "तुम्ही, उस्ताद. ताफोच्या शिंपीणबाईंच्या दुकानात आपण असंच केलं होतं. मी टॉर्च धरला होता."

मला वाटलं मारतील. ते फुटलेल्या दिव्याकडे बघत राहिले, जणू त्यात अजून काही उजेड असावा. मग तो खिशात घालून निघून गेले.

मावशी उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं नाही, तिथूनच विचारलं.

"महिनाभर तुला ठाऊक होतं?"

मी म्हणालो, नीट कळलं ते सहा तारखेला.

"म्हणजे अकरा दिवस. अकरा दिवस तू माझ्या हातचं खाल्लंस आणि बघत राहिलास."

मी दिव्याच्या काचा वेचायला वाकलो. अफ्रियिए आईला उठवून आत घेऊन जाताना माझ्याशेजारी थांबली. "करणी केली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान आम्ही तुझे कुणीतरी लागत होतो, असं तरी वाटलं असतं."

१९ जानेवारी, रविवार

काल ग्यासी काकांबरोबर परतीची वायर मेन बोर्डापर्यंत ओढली, उघडी, आठ दारांवरून. कुणी काही विचारलं नाही. फ्रीझरच्या पत्र्याची अर्थिंगची वायर वेगळी काढून नळाजवळच्या ओल्या जागी नव्या लांब सळईला बांधली. काकांच्या मीटरने पत्र्यावर शून्य दाखवलं. मी तळहात पूर्ण टेकवला, दुसऱ्या हाताने पाइप धरला. काही नाही.

मावशींनी फ्रीझर सुरू केला नाही. प्लग काढलेला तसाच लोंबतोय. मी तीनदा सांगितलं, की आता धोका नाही. चौथ्यांदा सांगायला गेलो तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.

२१ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस गॅरेजात गेलो नव्हतो. आज सकाळी उस्तादच माझ्या खोलीवर आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बसले. मी उभा राहिलो. त्यांनी दाढी केली नव्हती.

म्हणाले, रविवारचा कार्यक्रम होणार नाही. आईला निरोप दे. मी म्हणालो, दिला. म्हणाले, रागाने नाही पुढे ढकलत. आधी एक काम आहे आणि त्याला दोन माणसं लागतात. मग विचारलं, "वही आहे ना तुझ्याकडे? लिही."

ते डोळे मिटून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. ताफोची शिंपीणबाई. ओल्ड ताफोच्या शाळेमागचा न्हावी. केजेटियाजवळची मक्याची गिरणी. त्यांच्या स्वतःच्या घरातली मागची खोली. वीस वर्षांत त्यांनी गाडीसारखं वायरिंग केलेली घरं आणि दुकानं. मध्येच थांबायचे, बोटांवर काहीतरी जुळवायचे, पुन्हा सांगायचे. मी विचारलं, हे सगळे चावत असतील का? म्हणाले, पावसाळ्यात नाही.

अकरा नावं झाली. मग बारावं.

"बांतामा. अकुआ दीदी. माझी थोरली बहीण." मग म्हणाले, ते त्यांनी घर म्हणून पहिलंच केलेलं वायरिंग, नवं शिकलेले असताना. आता तिथे कुणी राहत नाही. दीदी गेली त्याला नऊ वर्षं झाली. मागच्या अंगणात तारेवर ओले कपडे वाळत घालत होती, तिथेच पडली. जानेवारी महिना होता. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. चाळीशीची बाई, कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं.

मी म्हणालो, कुणी राहत नसेल तर जायची गरज नाही. हे नाव खोडू का?

उस्ताद उठून दारापाशी गेले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी पेन्सिल धरून थांबलो होतो.

"खोडू नको," ते म्हणाले. "पहिल्या नंबरावर घे."

रिकाम्या घराला पहिला नंबर का, ते मी विचारलं नाही. खाडाखोड नको म्हणून नवं पान घेतलं आणि सगळी यादी पुन्हा सुरुवातीपासून लिहून काढली. उद्या सकाळी सहाला बांतामाला निघायचं आहे.